औषधं बदलली, ताट तेच

नागपूर, ५ जुलै २०२५

चि. सौ. काजल हिस,
सुमतीआत्याचे अ. उ. आ.

फोन केला की तुझे सासरे, बापूजी, स्पीकर लावायला सांगतात, म्हणून हा कागद.

तुझ्या गोपिकेचे जंत परत आले, वर्गात कुणी तिच्या शेजारी बसत नाही, हे ऐकून रक्त उसळलं. आणि तू विचारतेस, अल्बेंडाझोल चांगलं की पायरँटेल? सीताबर्डीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या बारीक पांढऱ्या जंतांवर दोन्ही चालतात, मेबेंडाझोलही चालतं. पण तिन्ही जंत मारतात, अंडी नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. तुम्ही औषध बदलता, पण देता एकट्या लेकराला! बापूजी नातीला रोज आपल्या ताटातून भरवतात. त्यांनी गोळी घेतली का?

रागावले तरी माया कमी समजू नकोस.
सुमतीआत्या

उमरेड, ११ जुलै

ती. सुमतीआत्यास,
शि. सा. न.

नाही घेतली. बापूजी म्हणतात, जंत लेकराले होतात. मी वावडिंगाचा काढा घेऊन राहिलो, मले काहून गोळी? शिवाय सुनेच्या आत्यानं माझ्या पोटावर भाषण देऊ नये.

शेवटी काल मी गोपिकेचं ताट वेगळं वाढलं. तिनं विचारलं, शाळेतल्यासारखं घरीही एकटीनंच बसायचं का? आत्या, तुझं शास्त्र खरं, पण ते मी पंगतीत वाढू कसं?

तुझ्या आशीर्वादाची गरज असलेली,
काजल

नागपूर, १५ जुलै

चि. काजल,
हे बापूजींना वाचून दाखव.

बापूजी, वावडिंगाचा मान राखते. पण नखाखालची अंडी काढ्यानं धुतली जात नाहीत. पोरीला वर्गानं वाळीत टाकलं. तिच्यासोबत जेवणारे तुम्ही एकटे उरला होता. तुम्हीही एका गोळीसाठी तिला सोडणार?

सुमती

उमरेड, २१ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न.

वाचून दाखवलं. बापूजी जेवणावरून उठून गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोपिकेकडूनच आपली नखं कापून घेतली, तिलाच सगळ्यांना गोळ्या वाटायला लावलं आणि पहिली स्वतः चावली. म्हणाले, गोड तर आहे, मग एवढी लढाई काहून? आज हात धुऊन दोघं पुन्हा एका ताटात बसले.

पाकिटातली गोळी त्यांनीच घातली आहे. निरोप असा की, उन्हाळ्यात इथं आल्या तेव्हा आत्याबाई आठवडाभर गोपिकेच्याच अंथरुणात झोपल्या होत्या, म्हणून आधी ही चावा, मंग भाषण द्या.

लोभ आहेच, तो गोळीनं कमी होऊ देऊ नकोस.
काजल