दोन वाजताचा फोन

१८ नोव्हें. २०१३, सोम.
टॅन अंकल सकाळीच दारात. इथलेच चिनी गृहस्थ, वरच्या मजल्यावर राहतात, चाळीस वर्षं याच गल्लीत. इथला डिसेंबरचा पाऊस जवळ आला, यादी काढ म्हणाले. नाल्याचं पाणी चढलं की मला सरकारी एसएमएस येतो, मग मी तळमजल्यावरच्या सगळ्यांना फोन करायचे, त्याची यादी. गेल्या डिसेंबरात आठही घरांत गुडघाभर पाणी होतं. हो म्हटलं. गेल्या वर्षीही मीच होते. तरी हो म्हटलं.

२१ नोव्हें., गुरु.
विटा आणल्या. फ्रिज, वॉशिंग मशीन विटांवर. पासपोर्ट, सगळ्यांचे इथे राहायचे पास, रुचाचे शाळेचे कागद प्लास्टिकच्या डब्यात, डबा कपाटाच्या डोक्यावर. वाळूच्या पिशव्या सोळा झाल्या, हव्यात तीस. पलीकडची नवी मुलगी, जूनमध्ये पुण्याहून आलेली, म्हणते, एवढं काय, पाऊसच तर आहे. बाई गं, माझा सोफा तरंगत होता.

शेजारची मेधा ऑफिसला निघताना भेटली. तिचे वडील लिमयेकाका, वय अठ्ठ्याहत्तर, दिवसभर घरी एकटे (यापुढे लि.का., लिहून हात दुखतो). म्हणाली, "वैशाली, तू आहेस म्हणून मी निवांत जाते गं." मी हसले. निर्लज्जासारखी.

२४ नोव्हें., रवि.
रुचा लॅपटॉपवर यादी टाईप करत होती. लि.का.च्या नावापाशी आली तशी थांबली. "आई, बट लास्ट इयर यू नेव्हर कॉल हिम व्हॉट." इथल्या शाळेतलं इंग्रजी. तेव्हाही सुट्टीच होती, ती घरीच होती. तेराव्या वर्षी सगळं कळतं. म्हटलं, गपचूप टाईप कर.

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.
त्या दिवशी एक पन्नासला एसएमएस आला. सहा घरांना फोन केले. लि.का. राहिले. राहिले कसले, मी ठेवले. म्हटलं आत्ताच जेवून आडवे झाले असतील, सव्वादोनला करू. आमच्याकडे आजोबा दुपारी झोपले की मांजरालासुद्धा घराबाहेर काढायचे. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायचं म्हणजे पाप, हे हाडात बसलेलं. दोन दहाला पाणी घरात. लि.का. पलंगावरून उतरले ते पाण्यात, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, चार महिने अंथरूण, आता वॉकर. हॉस्पिटलात मेधाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, लागत नव्हता गं फोन.
मेली ती झोप.

३० नोव्हें., शनि.
सगळ्यांनी वरच्या मजल्यावर जायचा सराव. मुद्दाम दुपारी दोनला ठेवला, पाऊस तेव्हाच येतो. आपली मंडळी हो हो म्हणाली आणि निम्मी आलीच नाहीत. एकाचा फोन, वहिनी, चारला ठेवला तर? म्हटलं, पावसाला कळवते.

लि.का. मात्र शर्ट खोचून, घड्याळ लावून दोनला पाच कमी असतानाच दारात उभे. टॅन अंकलच्या घरापर्यंत चौदा पायऱ्या. पुढून टॅन अंकल "स्लोली अंकल, कॅन, कॅन", म्हणजे जमेल, जमेल, मागून मी. अकरा मिनिटं लागली. गेल्या वर्षी एसएमएस आल्यापासून पाणी घरात यायला वीस. म्हणजे माझ्या हातात नऊ.
टॅन अंकलनी महिनाभर आपली एक खोली देऊ केली. लि.का. ऐकेनात. लोकांच्या घरी पंचा नेसून कसा फिरू, म्हणाले. सगळे हसले. मेधासुद्धा.

३ डिसें., मंगळ.
जेवण जात नाही. ह्यांचा जहाजावरून फोन, चार मिनिटं. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. म्हणाले, सांगून मोकळी हो. समुद्रात बसून बोलायला काय जातंय.
पण खरं आहे. मेधाने यंदाही बापाला माझ्या भरवशावर ठेवलंय, आणि भरवसा कसला ते तिला माहीतच नाही.

५ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा केली, पोथी वाचली, एक ओळ डोक्यात शिरली नाही. प्रसादाचं निमित्त करून लि.का.कडे. मेधा ऑफिसात. म्हटलं, आधी लि.का.ना सांगू. बसलेसुद्धा नाही, उभ्याउभ्या सांगून टाकलं. फोन केलाच नव्हता, तुमची झोप मोडेल म्हणून.

ते केळं सोलत होते. अर्धवट सोललेलं खाली ठेवलं. "फोन उशाशीच होता. वाजला नाही हे मला माहीत आहे."
मग म्हणाले, "मी झोपलो नव्हतो गं. दाराखालून पाणी येताना दिसत होतं. पण ठरलं होतं ना, वैशालीचा फोन आला की निघायचं. म्हणून पडून राहिलो."

रडले. त्यांच्यासमोर. सत्तेचाळीस वर्षांची घोडी. वॉकर ढकलत जाऊन त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

म्हणाले, मेधाला सांगू नकोस. कळलं तर ती कुणाच्याच भरवशावर मला ठेवणार नाही. नोकरी सोडेल, नाहीतर मला सांगलीला धाडेल. तिथे आता माझं कोण आहे?
मी बरं म्हटलं. म्हणताना इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच शिसारी आली.

९ डिसें., सोम.
आला. १:३५ एसएमएस. पहिला फोन लि.का. एका रिंगमध्ये उचलला, "निघतो." बाकीच्यांना जिन्यातून फोन केले, एका हाताने त्यांचा दंड धरून. नवव्या पायरीवर धाप लागली, बसले. मला खाली नाल्याचा आवाज ऐकू येत होता. तेरा मिनिटं. दोन जास्त.
पाणी दारापर्यंत आलं, चार बोटं आत शिरलं आणि उतरलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पलीकडची नवी मुलगी पिशव्या रचता रचता रडत होती. तिला जवळ घेतलं.

तीनच्या सुमारास मेधा आली टॅक्सीने, चिंब. बापाला बघितलं, मग मला गच्च धरलं. "गेल्या वर्षी तो फोन लागला असता तर..." लि.का. खिडकीबाहेर बघत होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काय करणार.

१० डिसें., मंगळ.
गुरुवारनंतर पुन्हा जोर धरणार म्हणतात. तेरा मिनिटांचं काय करायचं? खुर्चीत बसवून उचलायला माणसं हवीत, दुपारी गल्लीत पुरुषमाणूस नाही.
मेधाने संध्याकाळी पुरणपोळ्या आणून दिल्या. ऑफिसातून येऊन केल्या पोरीने. अजून डब्यातच आहेत.
तिला सांगायचंच. पण आधी लि.का.ना विचारून घेते. ते नको म्हणतील. ठाऊक आहे मला. म्हणूनच तर त्यांना विचारतेय.