मला गाडीवर नेऊ नये

मी, शेवंताबाई, कालकथित पुनाराम गजभिये यांची पत्नी, वय सुमारे बावन्न, धंदा शिवणकाम, राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी घाबरलेली मात्र आहे, आणि ते लपवले तर हा कागद खोटा ठरेल. वकिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की भ्यालेल्या माणसाचे मृत्युपत्रही कायद्याला चालते, बहुतेक लोक भ्यालेलेच असतात.

येत्या सोमवारी नागपूरच्या दवाखान्यात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. पोट कित्येक वर्षे दुखत होते. ज्या डॉक्टरकडे गेले त्याने पोटाला हातही न लावता "आधी वजन उतरवा" एवढेच सांगितले. मी एक वेळचे जेवण सोडले. गाठीने काही सोडले नाही. आता नागपूरचे डॉक्टर म्हणतात, एवढ्या अंगाला भूल देणे जोखमीचे आहे. मला मरणाची भीती वाटते. मेल्यानंतरच्या रस्त्याची त्याहून जास्त वाटते, म्हणून पहिले कलम घराचे न लिहिता तिरडीचे लिहिते.

कलम १. मला गाडीवर नेऊ नये. माणसांच्या खांद्यावर न्यावे. माझी थोरली बहीण रुख्माबाई माझ्यासारखीच अंगाने जाड होती. ती वारली तेव्हा तिरडीचा बांबू गल्लीतच मोडला. कोणीतरी राईस मिलची धान वाहायची हातगाडी आणली आणि तिला पोत्यासारखे वर चढवले. वाटेत मिलचा वजनकाटा लागला. मागून कोणी म्हणाले, "रुका ना भाऊ, तौलून त घेऊ." लोक हसले. प्रेतामागे हसले. मी पदर दातात धरून चालत राहिले. ते हसणे मला अजून ऐकू येते. भूल दिल्यावर काही ऐकू येत नाही म्हणतात. मेल्यावर येते की नाही, हे कोणी खात्रीने सांगत नाही.

कलम २. शिलाई मशीन, कात्र्या आणि इस्त्री माझी शिष्या अनुसया हिला द्यावी. ती हे काम कुठून शिकली हे सर्वांना माहीत आहे. मी का शिकले ते लिहिते. बाबूलाल टेलरच्या दुकानात मालक माप घेऊन आकडा मोठ्याने ओरडतो आणि आतला कारागीर तो टिपून घेतो. माझ्या लग्नाच्या पोलक्याचा आकडा त्याने असा ओरडला की समोरच्या पानठेल्यावरची पोरे मला त्याच आकड्याने हाक मारू लागली. मी माप कधी फितीने घेतले नाही. सुती नाडी लावते, खूण म्हणून गाठ मारते, आणि शिवून झाले की जिची नाडी तिला परत देते. अनुसयाने ही रीत सोडू नये. माझी स्वतःची नाडी बाबूलालला पोचती करावी. आता त्याने हव्या तेवढ्या मोठ्याने वाचावी.

कलम ३. पोस्टातली सर्व शिल्लक सन्मान महिला मंडळाला मिळावी. लोक त्याला म्हशींचे मंडळ म्हणतात, पण निदान या कागदावर खरे नाव असावे. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या जाड बायकांचेच हे मंडळ. परसवाड्याच्या बसमध्ये कंडक्टरने शांताबाईंकडे दोन तिकिटांचे पैसे मागितले, तेव्हा आम्ही सगळ्या उतरून बससमोर रस्त्यावर बसलो. तो हात जोडून म्हणाला, "बाई, जगह दो!" शांताबाई म्हणाल्या, "एका तिकिटात जेवढी येते तेवढीच घेतली भाऊ." अनुसयाला बालवाडीची नोकरी "मुले भितील" म्हणून नाकारली, तेव्हा आम्ही नाकारणाऱ्या साहेबाच्या कचेरीत रोज जाऊन बसलो. नोकरी मिळाली नाही. आमचा अर्ज अजून तिथेच पडून आहे: कोणाच्याही अंगाकडे पाहून त्याला काम, जागा किंवा औषध नाकारू नये. माझ्यामागे मंडळाने त्या साहेबाला सुखाने बसू देऊ नये.

कलम ४. मंडळाने ठराव केला की आपल्यातली गेली तर खांदा आपणच द्यायचा. चैतराम सुताराने आठ जणींनी उचलायची सागवानी तिरडी करून दिली. ती झेपते का ते पाहायला हवे होते. बायका धानाचे पोते ठेवणार होत्या. मी म्हटले, पोते कशाला, मीच झोपते. इथे माझी अक्कल गेली. कुंपणावरून कोणीतरी पाहिले आणि मी गेल्याची बातमी बाजारात पोचली. रुख्माबाईचा मुलगा टिकाराम, ज्याला मी वाढवले, तो लालबर्ऱ्याहून त्या दिवशी बाजाराला आला होता. मी आठ जणींच्या खांद्यावर डोळे घट्ट मिटून पडले होते, कारण पडायची भीती वाटत होती.

"मावशी गेली वो माही!" तो अंगणात येऊन हंबरडा फोडून रडला. मग नाक पुसून म्हणाला, "मी गाडी सांगून आलो."

मी उठून बसले. खालचे खांदे डगमगले. "मले गाडीवर काहून नेतं रे?"

तो पांढराफटक पडला. "मावशी... तुले उचलन कोन?"

"मंग हे काय करून राह्यलो आमी?" खालून शांताबाई म्हणाल्या.

तो वाईट मुलगा नाही. खरेच रडत होता. त्याची आई गाडीवरून गेली, त्याला तीच रीत वाटत असेल. पण त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

कलम ५. दोन खोल्यांचे, कवेलूच्या छपराचे घर टिकारामला मिळावे. बायका म्हणाल्या, खांदा दिला तरच घर, अशी अट घाला. मी तसे लिहिले आणि खोडले. अट घातली तर तो खांदा घराला देईल. तो कुठेही उभा राहिला तरी घर त्याचेच आहे.

कलम ६. त्रिशरण, पंचशील म्हणून मला वैनगंगेवर न्यावे. वाटेत कोणी हसले तर भांडू नये. तिरडी तिथेच खाली ठेवावी आणि त्यांचे हसून होईपर्यंत थांबावे.

कलम ७. मी जिवंत परत आले तर वरची सर्व कलमे गुंडाळून ठेवावी, हे एक चालू ठेवावे. टिकाराम माझ्यासोबत बाजारातून जाताना झपाझप पुढे निघून जातो, जशी काही आमची ओळखच नाही. मी कधी बोलले नाही. त्याने छोट्या लाईनच्या गाडीवर मला घ्यायला यावे, आणि स्टेशनपासून घरापर्यंत, दिवसाउजेडी, भर बाजारातून माझ्या बरोबरीने चालावे. हळू चालावे, मला टाके असतील. वकील म्हणतात, असले कलम मृत्युपत्रात बसत नाही. तरी मी लिहिले आहे, आणि शांताबाईंनी ते टिकारामला उद्याच वाचून दाखवावे. ऑपरेशनची धास्ती आहेच. पण गाडीतून उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर तो दिसणार नाही, याची मला जास्त आहे.

सही: शेवंताबाई पुनाराम गजभिये

साक्षीदार:
१. चैतराम बोरकर, सुतार
२. आनंदी वासनिक, शेजारीण

मुक्काम बालाघाट, मध्य प्रदेश
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९७४