लेडीज सीट

निर्मळ, ता. वसई
११ सप्टेंबर १९८२

प्रिय मालन,

तुझं पत्र पोचलं. दिवाळीला येताना माझ्या सायकलला पुण्याहून फोमची सीट आणतेस म्हणतेस, वर मापही मागतेस. माप कुणाचं कळवू गं, सायकलचं की बसणारीचं? वाचून आधी हसू आलं, मग बराच वेळ रडले.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हापासून वाडीतली फुलं नालासोपारा स्टेशनावर मीच सायकलवरून पोचवत आले. डांबरी रस्ता नावापुरता, खरी वाट गासच्या बांधावरून, नुसते दगड आणि खळगे. गेल्या वर्षी बसायला त्रास होऊ लागला. कंबर धरायची, ओटीपोट दुखायचं. आत्माराम म्हणाला, ताई, पुरे झालं, फुलं टेंपोत टाकू, तू घरी बस. धाकटा भाऊ, पण बोलतो बापासारखा! घरी बसून काय करू? भावजयीच्या हाताखाली, सावित्रीच्या स्वयंपाकघरात तिच्या मनासारखी भाजी चिरत राहू? बिनलग्नाच्या बाईला या घरातून बाहेर पडायची ही एकच वाट होती, ती गेली की मी संपले. म्हणून मी ठरवून टाकलं, दोष सीटचा आहे.

पहिली सीट चामड्याची, चिंचोळी, पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली. साडी नेसून तिच्यावर बसणं म्हणजे शिक्षाच. मग गासच्या पास्कल मिस्त्रीने रुंद लेडीज सीट बसवली, खाली जाड स्प्रिंगा. डांबरीवर मी महाराणी, बांधावर मात्र ती मेली प्रत्येक खळग्यात मला उडवून आपटायची, आणि मांड्या घासायच्या त्या वेगळ्याच. पास्कल म्हणाला, सीटची पुढची चोच जरा खाली करू, खळगा आला की पायांवर उठत जा. तेही केलं. शेवटी मीच डोकं चालवलं. केळीच्या खांबाची ओली सोपटं घडी करून सीटवर बांधली, वरून गोणपाट. थंडगार, मऊ. अशी सीट मुंबईच्या दुकानातसुद्धा मिळायची नाही, म्हणून पास्कलपाशी मिरवून आले.

मग साडीला मागून तपकिरी डाग पडू लागले. सोपटांचा चीक, दुसरं काय असणार? आपण केळीवाले, आपल्या घरात बिनडागाचं कापड कुठलं? आईची लुगडी आठव. सावित्री धुताना कुरकुरली, केळीचे डाग जात नाहीत ताई, सोपटं तरी बदला. मी बदलली. माझी पाळी केव्हाच गेलेली, त्यामुळे दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. यंदा पावसात सोपटं कुजली म्हणून काढून टाकली आणि नुसत्या सीटवर बसू लागले. डाग पडतच राहिले. तेव्हा मात्र मी सायकल भिंतीला लावून वसई गाठली.

वसईच्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या बाईंनी तपासलं, हात पुसले आणि विचारलं, "इतके महिने काय करत होता?"

मी खरं तेच सांगितलं. "सीट बदलत होते."

त्या हसल्या नाहीत. आत्मारामला बाहेर घेऊन गेल्या. पण मी काही बहिरी नाही, दाराआडून सगळं ऐकलं. गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पसरलाय. किरणांचा शेक देणार आहेत, तो दुखणं कमी व्हावं म्हणून. बरं होण्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

टेंपो सुरू झाला. फुलं माझ्यावाचून वेळेवर पोचतात, हे बघून जीव जळतो. कुणावर चिडू? सावित्री हल्ली माझ्या पुढ्यात चिरायला भाजी ठेवत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आत्माराम म्हणतो, मालनला कळवू नकोस, दिवाळीला आली की समोरासमोर सांगू. तो दिवाळीचं नाव काढतो आणि सावित्री तोंड फिरवून आत जाते. म्हणून त्याच्या नकळत हे लिहून पोस्टमनच्या हाती देतेय. सीट आणू नकोस. फराळाचं करत बसू नकोस. मुलांची शाळा बुडाली तर बुडू दे. मला अजून उशीला टेकून बसता येतंय, तेवढ्यात ये.

तुझीच,
विमलाताई