बो-पेर, मुक्काम शिवाजी पार्क

प्रिय काका,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हसला असाल. भोईवाड्यातून शिवाजी पार्कला पत्र म्हणजे हाकेच्या अंतरावर टपाल, हे मलाही कळतं. पण समोर बसून काही महत्त्वाचं बोलायला घेतलं की तुम्ही उठून गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जाता, आणि फोनवर ‘हो, बरं, ठेवू का’ याच्या पुढे तुमची गाडी सरकत नाही. आता गुडघा बदललाय, चाळीचे जिने चढायचे नाहीत म्हणून उर्मिलाआत्याकडे तळमजल्यावर अडकून पडलायत, तेवढ्यात मी साधून घेते. आत्याला चहा टाकायला सांगा आणि शेवटपर्यंत वाचा.

इकडे सगळं छान चाललंय. तुमच्या जास्वंदीला कळ्या आल्यात. आई तिला रोज पाणी घालते आणि तुमच्या नावाने बोटं मोडते, म्हणजे तिला तुमची आठवण येते. कोर्टातल्या लोकांचे डबे चालू आहेत, पण गेला आठवडाभर आमटीत मीठ कमी पडत होतं आणि दोन वकिलांनी तसं बोलूनही दाखवलं. का कमी पडत होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हितेंद्रकाकांना गुपचूप फोन केलात. श्रेयाच्या लग्नात कन्यादानाच्या पाटावर तुम्ही दोघं नवरा-बायको बसा, रक्ताचं माणूस असलेलं बरं, असं म्हणालात. वर, मी जेवणावळीकडे बघतो, असंही. हितेंद्रकाका आप्पांचे धाकटे भाऊ खरे, पण त्यांच्या पोटात कधी काही राहिलंय का? त्यांनी संध्याकाळच्या आत आईला सांगितलं. आई ‘बरं’ म्हणाली आणि तेव्हापासून तिच्या हाताची चव गेली. तुम्ही नाही बसलात तर तीही बसणार नाही, एवढं तरी लक्षात घ्यायचं होतंत.

रागावले होते मी, खोटं कशाला बोलू. पण नेमका त्याच दिवशी ऑफिसात एक शब्द भेटला. माझं काम तुम्हाला माहीतच आहे. आजोबा जिथे कापड विणायचा साचा चालवायचे त्या मिलच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरमध्ये बसून मी परदेशातल्या एका जुन्या इंग्रजी शब्दकोशाची पानं तपासते. जो शब्द आता कुणी वापरत नाही त्याच्यापुढे एक बारीकसा खंजीर छापलेला असतो. तसाच खंजीर लागलेला हा शब्द, ‘बो-पेर’. मूळचा फ्रेंच. बो म्हणजे देखणा, पेर म्हणजे बाप. पण त्या काळी ‘बो’ चेहऱ्यासाठी नव्हता, मानासाठी होता. आपण नावामागे राव लावतो तसा ते नात्यापुढे बो लावायचे. फ्रेंच बोलणारे राजे इंग्लंडात आले, त्यांच्यामागून हा शब्दही आला. इंग्रज आधी वडिलांना आणि मग चर्चमधल्या धर्मगुरूंना मानाने बो-पेर म्हणू लागले. पुढे हळूहळू म्हणेनासे झाले आणि शब्द मेला. इंग्रजीत मेला, फ्रेंचमध्ये मात्र अजून धडधाकट आहे. तो तिथे कसा टिकला हे शोधत बसले आणि माझा डबा तसाच राहिला.

झालं असं की फ्रेंचमध्ये सावत्र बापाला एक वेगळा शब्द होता. लोकांनी तो इतका वाईट तोंडाने वापरला की त्याचा अर्थच दुष्ट बाप असा होऊन बसला. मग घरातल्या भल्या माणसाला हाक कशी मारायची? तेव्हा त्यांनी हा मानाचा शब्द उचलला आणि सावत्र बापाला दिला. काका, आपल्याकडे असं कुणी केलंच नाही. आपल्याकडे सावत्र म्हटलं की लोक आधी पोराच्या अंगावरचे वळ शोधतात. तुम्ही दोन शर्टांची बॅग आणि जास्वंदीची ही कुंडी घेऊन आमच्या खोलीत आलात, तेव्हा बकुळामावशीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काही झालं तर मला येऊन सांग हो. मी बरेच दिवस काहीतरी होण्याची वाट बघितली. झालं काय, तर गिरगावातल्या मोठ्या घरात वाढलेला माणूस आमच्या मोरीत बसून बांगडे साफ करायला शिकला. आप्पा गेल्यापासून रिकाम्या असलेल्या त्यांच्या खुर्चीत तुम्ही कधी बसला नाहीत. गॅलरीतल्या स्टुलावर पेपर वाचायचात, अजूनही वाचता.

आणि दरवर्षी पितृपक्षात आप्पांच्या तिथीला पान घेऊन गच्चीवर तुम्हीच जायचात. हितेंद्रकाका पूजा करून मोकळे व्हायचे, त्यांना ऊन सोसत नाही. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर आणि बाजूला चहाचा ग्लास, कारण गणपतराव चहाशिवाय जेवायचे नाहीत असं आईने तुम्हाला एकदा सांगितलं होतं. मी चौथीत असताना तुमच्या मागून हळूच जिना चढले होते. तुम्ही टाकीवरच्या कावळ्यासमोर, कोर्टात न्यायाधीशांपुढे उभे राहायचात तसे, हात बांधून उभे होतात. म्हणालात, गणपतराव, मुलगी चौथीत आहे. गणित कच्चं आहे, घेतोय करून. दात पडलाय, नवा येतोय. शांताची तब्येत बरी आहे. काळजी नसावी. कावळा आला, वडा घेऊन गेला, आणि तुम्ही रुमालाने कपाळ पुसलंत. त्यानंतर मी दरवर्षी जिन्यात उभी राहून तुमचं निवेदन ऐकत आले. दहावी, कॉलेज, नोकरी, सगळं आप्पांना तुम्ही कळवलंत. गेल्या वर्षी अनिमेषबद्दल सांगायला तुम्ही बराच वेळ घेतलात आणि कावळाही जरा उशिरा आला होता.

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही स्वतःला राखणदार समजत आलात. दुसऱ्याची ठेव सांभाळायची, वेळ आली की रक्ताच्या माणसाच्या हाती द्यायची आणि आपण जेवणावळीकडे बघायचं. अहो, ठेव कुणी गणित शिकवून वाढवतं का? आणि तुमच्या बहिणीला मी पहिल्या दिवसापासून आत्या म्हणते. आत्या म्हणजे बापाची बहीण, हे तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत. अनिमेषला मी हा शब्द सांगितला तर तो खूश झाला, कारण फ्रेंच लोक सासऱ्यालाही बो-पेरच म्हणतात. आता आम्हा दोघांना तुम्ही एकाच शब्दात मिळालात. घाबरू नका, मंडपात कुणी फ्रेंच बोलणार नाही. आणि मी तुम्हाला बाबाही म्हणणार नाही, आता जीभ वळायची नाही. काकाच म्हणेन. चाळीत काका पुष्कळ आहेत, पण माझ्या हाकेला तुम्ही जसे वळून बघता तसं दुसरं कुणी बघत नाही.

हे पत्र आठवडाभर अडून राहिलं, कारण बकुळामावशी म्हणाली, पितृपक्षात लग्नाचा विषय नको. आज घट बसले, म्हणून लिहितेय. पण तिच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. या वर्षी तुम्ही नव्हतात, तेव्हा आप्पांच्या तिथीला पान घेऊन मीच गच्चीवर गेले. हात बांधून उभी राहिले आणि तुमच्यासारखंच सुरू केलं. आप्पा, गुरुदत्तकाकांचा गुडघा बदललाय, चालायला लागलेत, काळजी नसावी. कावळा टाकीवरून हलेना. आईबद्दल सांगितलं, नोकरीचं सांगितलं, चहाचा ग्लास पुढे सरकवला, तरी तो मान वाकडी करून बघतच राहिला. मग मला रडू आलं आणि म्हटलं, आप्पा, माझ्या लग्नात पाटावर काका आणि आई बसतील. जन्म तुम्ही दिलात, पण वाढवलं त्यांनी, आणि मला त्यांच्याच हातून जायचंय. कावळा उतरला, माझ्याकडे न बघता सरळ वडा उचलला आणि गेला. खाली येऊन हितेंद्रकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, दादाच हो म्हणाला तर मी कोण? आईच्या आमटीला आज मीठ बरोबर आहे. कोर्टात आयुष्य काढलंत, त्यामुळे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वरच्या कोर्टात निकाल लागलाय, यावर अपील नाही. गुडघ्याचे व्यायाम नीट करा, पाटावर मांडी घालून बसायचंय, आणि नाहीच जमलं तर आप्पांची खुर्ची मंडपात आणून ठेवते.

वाट बघणारी, तुमचीच लेक
श्रेया