राखायला दिलेली फेरी

४ मार्च १९८६, मंगळवार

पाय स्टुलावर. घोट्याला प्लास्टर. आणि खिडकीतून बघतोय – माझी शिडी माझ्याशिवाय निघाली!

शिडीखाली जॅनिस. आमची एकुलती एक लेक. बाजारामागे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मी गेल्या मंगळवारी पडलो – एका गल्लीत फरशीवर बर्फ होता, शिडीचा पाय सटकला – आणि तिची नोकरी गेली बुधवारी. पलीकडच्या गावात सपातांच्या कारखान्यात शिवणावर होती. वीस बायकांना घरी बसवलं म्हणे, त्यात ही. विनी म्हणाली, "एका आठवड्यात दोघं आडवे. आता घरात मांजर तेवढं कामावर आहे." माझ्या बायकोला दुःखातही जीभ आवरत नाही.

जॅनिसच म्हणाली, "बाबा, सहा आठवडे तुझी फेरी मी राखते. हात रिकामेच आहेत."

बाईमाणूस शिडीवर. लोक हसणार. पण दुसरं कोण होतं? आठ गल्ल्या, एकशेचाळीस घरं, आठवड्यातून एकदा प्रत्येक काच. यातलं कागदावर कुठे काही नाही. या काचा व्हर्ननच्या, एवढं गल्लीनं मानलंय, तेवढीच माझी मालकी. चार आठवडे मी दिसलो नाही तर तीही नाही.

६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी आली. बोटं थंडीनं लालभडक. काच पुसायचं कातडं किती भिजवायचं, कसं पिळायचं, काही विचारलं नाही. लहानपणी माझ्यामागून हिंडायची तेव्हा बघून ठेवलं असणार. मला वाटलं होतं विचारेल.

९ मार्च, रविवार

बसून बसून जुनं आठवतं. दुसरं काम काय आहे मला!

शाळेत कुठलं पोरगं सांगतं, की मोठा होऊन लोकांच्या खिडक्या पुसणार? या धंद्यात कोणी येत नाही, सगळे घसरून पडतात. टेकडीवरच्या गल्ल्या पुसतो तो सिरिल, मास्तर होता. एक दिवस वर्गात रडायला लागला. बंद खोलीत आता बसवत नाही त्याला, शिडीवर मात्र शीळ घालतो. आणि मी तर मागखात्यात जॉबर. बत्तीस मागांची दुरुस्ती माझ्या हाताखाली. एका सोमवारी गिरणीचा भोंगा वाजलाच नाही. साल बासष्ट. मी मात्र ठरल्या वेळी उठून, बूट चढवून, खुर्चीत बसलेला. विनीनं चहा दिला आणि काही बोलली नाही. ती गप्प बसलेली मला तेवढी एकदाच आठवते.

मग ईनॉक ऑर्मरॉड आला. ही फेरी त्याची होती, वीस वर्षांची. पोटाचं ऑपरेशन करायचं होतं. म्हणाला, "व्हर्नन, सहा आठवडे राख. तुझंही भागेल."

राखणाऱ्याचे नियम सगळ्यांना ठाऊक. वार बदलायचा नाही. कोणी विचारलं तर "ईनॉकच्या वतीनं" म्हणायचं. मालक परत आला की निमूट बाजूला व्हायचं.

पुढचं आज लिहवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

विनी मासळी आणि चिप्स घेऊन आली. दुकानात रांगेत म्हणे जॅनिसचीच चर्चा. "कोपरे बघा म्हणाल्या, कोपरे! काचेच्या कोपऱ्यात पंचवीस वर्षांत कोणी बोट घातलं नव्हतं."

म्हणजे मी घातलं नव्हतं. मासळी बरी होती, खाल्ली मुकाट्यानं.

२३ मार्च, रविवार

ईनॉकचं लिहूनच टाकतो. चोवीस वर्षं कोणाला सांगितलं नाही, वहीला सांगायला काय हरकत आहे.

त्या आठ गल्ल्यांत निम्म्या बाया आमच्या गिरणीतल्या. मागांच्या धडधडीत कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून आम्ही सगळे ओठांनी बोलायचो. आवाज नाही, नुसती तोंडं हलायची. शंभर मागांपलीकडची बाई आज जेवायला काय केलंय ते सांगायची, आणि आम्हाला कळायचं! गिरणी बंद झाली आणि ती बोली एका दिवसात निरुपयोगी झाली. मग मी शिडीवर चढलो. पहिल्याच दिवशी ॲडा एंटविसल वरच्या मजल्यावर बिछाना आवरत होती. काचेआडून तिचे ओठ हलले – "अरे जॉबर, तू होय! माझा माग अजून दुरुस्त व्हायचाय." मी काचेबाहेरून उत्तर दिलं. ती हसत बिछान्यावर बसली, आणि मग रडली. मीही थोडा.

पुढे प्रत्येक खिडकीत तेच. बाया आतून बोलायच्या, मी बाहेरून. खिडकी उघडायची गरज नाही, थंडी आत येत नाही, शेजारणीला ऐकू जात नाही. काय काय सांगितलं त्यांनी मला त्या काचांतून! असे दिवस परत आले नाहीत.

ईनॉक गिरणीत कधी नव्हता. त्याला ही बोली येत नव्हती. तो दहा आठवड्यांनी परत आला, तेव्हा ॲडानं दार उघडून सांगितलं, "ईनॉक, वाईट वाटून घेऊ नकोस, पण आम्हाला आता व्हर्नन बरा पडतो." आठही गल्ल्यांत हेच. मी कोपऱ्यावर शिडी धरून उभा होतो. फेरी ईनॉकची आहे, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. बोललो नाही. तो माझ्याजवळ आला, वर खिडकीकडे बघितलं, म्हणाला, "चांगल्या पुसतोस." आणि गेला. पुढे बाजारात झाडू मारायचा. मी त्या वाटेनं जाणं सोडून दिलं.

३० मार्च, ईस्टर

जॅनिस जेवायला होती. हातांना भेगा पडल्यात. विनीनं चरबीचं मलम लावून दिलं. मी म्हटलं, पाण्यात व्हिनेगर कमी घाल. म्हणाली, "मी घालतच नाही, बाबा. नुसत्या पाण्यानं जास्त स्वच्छ निघतं." चोवीस वर्षं मी व्हिनेगर घालतोय.

११ एप्रिल, शुक्रवार

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काटकीसारखा. डॉक्टर म्हणाला चाला, पण शिडी जूनपर्यंत विसरा. जॅनिस सोबत होती. लगेच म्हणाली, "जूनपर्यंत मी आहेच की."

लगेच म्हणाली. विचारसुद्धा करावा लागला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

काठी टेकत अल्मा स्ट्रीटपर्यंत गेलो. मुद्दाम समोरच्या फुटपाथवर थांबलो. जॅनिस ॲडाच्या वरच्या खिडकीशी, शिडीवर. ॲडा आत. आणि दोघी ओठांनी बोलत होत्या! पोरीला ती बोली मीच शिकवलेली, लहानपणी, चर्चमध्ये आवाज न करता चेष्टा करायला.

शिडीवरच्या जॅनिसचं तोंड मला अर्धंच दिसत होतं. ॲडानं विचारलं, "मग आता फेरी कोणाची?" ॲडाचे ओठ मी झोपेतही वाचीन. जॅनिसनं कातडं पिळायला मान वळवली, काहीतरी बोलली, आणि शेवटचे दोन शब्द मला स्वच्छ दिसले.

"फेरी माझी."

ॲडानं मान डोलावली.

तसाच घरी आलो. विनी म्हणाली, "भूत बघितलंस का?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण चांदणं होतं म्हणून समोर चोर नव्हता, असं थोडंच आहे!

२० एप्रिल, रविवार

बोललो. जेवण अर्ध्यात टाकून बोललो.

म्हटलं, फेरी राखायला दिली होती, आंदण नाही दिली. म्हटलं, पोटच्या पोरीनं बापाच्या पायाखालची शिडी ओढावी! विनी म्हणाली, "व्हर्नन, पुरे." मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. जॅनिसला म्हटलं, उद्यापासून मी जातोय.

ती पांढरीफटक पडली. मला वाटलं भांडेल. माझीच मुलगी आहे, भांडायला हवी होती. तिनं काटा-सुरी नीट ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "बरं. डॉक्टर जून म्हणाला होता, बाबा." मी म्हटलं, डॉक्टरला काचा पुसायच्या नाहीत.

विनी वर जाऊन झोपली. भांडी मी घासली.

२१ एप्रिल, सोमवार

इंकरमन स्ट्रीट. अकरा घरं झाली. एरवी जेवणाआधी पंचवीस होतात. घोटा शिडीच्या दांड्यावर थरथरतो, पण चढलो. वर हवा तीच, गार, कोळशाच्या धुराची. कातडं काचेवर फिरलं की चीं करतं, तो आवाज आठ आठवडे ऐकला नव्हता. मला जणू माझा जीव परत मिळाला.

बाया चांगलं बोलल्या. "आलास का?" म्हणाल्या. मग मागे बघितलं, कोणाला तरी शोधल्यासारखं.

२४ एप्रिल, गुरुवार

अल्मा स्ट्रीट. ॲडाची वरची खिडकी. तिनं पडदा सारला, मला बघितलं, आणि ओठ हलवलेच नाहीत. सरळ खिडकी उघडली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"पोरीला कुठे हाकललंस?"

मी म्हटलं, फेरी माझी आहे. तिनं बळकावायला घेतली होती, माझ्या डोळ्यांनी वाचलंय, याच खिडकीत. त्या गुरुवारचं सांगितलं.

ॲडा म्हणाली, "मूर्खा, अर्धं वाक्य वाचून जॉबरकी करतोस? ती म्हणाली, बाबा येईपर्यंत फेरी माझी. दर खेपेला म्हणायची. मीच तिला सांगत होते, ठेव आता तुझ्याकडेच, बापाला घरी बसू दे. ऐकत नव्हती. मलासुद्धा व्हर्ननच्या वतीनं आलेय म्हणायची, आणि हिला मी पाळण्यात बघितलेली!"

खिडकी धाडकन लावून घेतली. काच मी पुसली तरी. कोपऱ्यांसकट.

२७ एप्रिल, रविवार

जॅनिस जेवायला आली नाही, मग मीच तिच्या खोलीवर गेलो. तीन जिने. पाय ठणकतोय.

माफी मागायची मला सवय नाही, जमेल तशी मागितली. ॲडानं सांगितलेलं सांगितलं. ईनॉकचंही सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी. म्हटलं, मी जे केलं तेच तू करशील असं वाटलं मला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "असू दे, बाबा. फेरी तुझीच होती." चहा केला. बिस्किटं होती, ती सगळी माझ्यापुढे ठेवली.

मी म्हटलं, तू आता कारखान्यात परत विचारून बघ. काम वाढलं की काढलेल्या बायकांना आधी बोलावतात, असं ऐकलंय. तुझा हात चांगला आहे, घेतीलच.

"बघू," म्हणाली.

जिन्यापर्यंत पोचवायला आली. माझ्या कोटाचं बटण लावून दिलं. मिटलं एकदाचं. घरी येऊन दोन ताटल्या जेवलो.

२ मे, शुक्रवार

पाय दाखवायला इस्पितळात गेलो. परत येताना बसथांब्यावर ग्लॅडिस भेटली, कारखान्यात जॅनिसच्या वरची मुकादम. म्हणाली, "पोरगी कशी आहे? तिची जागा धरून ठेवायला मी पुष्कळ भांडले रे. पण साहेब म्हणाला, आपल्या पायांनी गेली ती गेली. ईस्टरनंतर दुसरी बसवली."

मी म्हटलं, वीस जणींना काढलं ना तुम्ही?

"कोणी सांगितलं? एकीलाही नाही काढलं. ती बुधवारी सकाळी आली, तू पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि काम सोडते म्हणाली. मी म्हटलं, उन्हाळ्यात तुला माझ्या जोडीला मुकादम करणार होते, वेडी झालीस का? तर म्हणाली, बाबाची फेरी बाहेरच्याच्या हाती गेली तर तो उठायचा नाही."

घरी येऊन विनीला विचारलं. ती बटाटे सोलत होती. "तिनं शपथ घातली होती मला," म्हणाली. "त्या रविवारी सांगणारच होते. तू म्हणालास, मध्ये पडू नकोस."

जॅनिस आज बारा दिवस खोलीत बसून आहे. फेरी माझ्याकडे आहे.