कोहळा फोडायचा मान

४ सप्टें.
फाटकावर औद्योगिक बोर्डाची नोटीस. प्लॉट घेतलेला माणूस स्वतः कारखाना चालवत नसेल, तर जागा काढून घेणार, तिथं राबणाऱ्याला देणार. बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लेथ कैक वर्षं चालतोय, प्लॉट नागराजण्णाच्या नावावर. त्याला पाना कसा धरतात तेही ठाऊक नाही. लगेच अर्ज टाकला. हे म्हणाले, "स्वल्प थांब, थोडं." कशाला थांबू?

९ सप्टें.
शेजारच्या सलीमभाईंना मागच्या खेपेस असाच प्लॉट मिळाला. जागा नावावर, म्हणून बँकेनं नवं मशिन दिलं. आता दोन पाळ्या चालतात, कोपऱ्यावरच्या चहावाल्या अक्कानं दुसरी शेगडी मांडली. आमचे पत्रे गळतात. परक्याच्या छपराला डांबर कोण लावणार? जागा नाही म्हणून मशिन नाही, मशिन नाही म्हणून मोठं काम नाही. वीट आला.

१७ सप्टें.
बोर्डाच्या साहेबांपुढे सुनावणी. मेल्या नागराजण्णानं सांगितलं, कारखाना माझा, हे नवराबायको माझे कामगार. पुरावा काय, तर नवमीच्या आयुधपूजेचे फोटो. दर वर्षी लेथला कुंकू तो लावतोय, कोहळा तो फोडतोय, आम्ही मागे हात जोडून. जागेचा मालक म्हणून मान त्याचा, हा ह्यांचाच आग्रह. फोटोही ह्यांनीच त्याला पाठवलेले. घ्या आता मान. साहेब म्हणाले, "सरी, ठीक आहे, पूजेला येऊन बघतो." अंगाची नुसती लाही लाही.

३० सप्टें.
नागराजण्णाचा फोन. "अक्का, उद्या येतो नेहमीसारखा. कोहळा मोठा बघून आणा." लाज कोळून प्यायलाय. ह्यांना म्हटलं, यंदा कोहळा मी फोडणार.
"बायका फोडतात का कुठं?"
बायकांनी लेथ चालवलेला चालतो तो?

१ ऑक्टो., आयुधपूजा
साहेब आले. त्यांच्यासमोर लेथला कुंकू लावलं, कोहळा ओवाळून फाटकापुढे आपटला. एका फटक्यात फुटला. तेवढ्यात नागराजण्णाची गाडी. फोटोवाला बरोबर. माझ्याकडे बघून हसला आणि डिकीतून स्वतःचा कोहळा काढून फोडला. साहेबांनी दोघांच्याही हातचा प्रसाद खाल्ला. "कळवतो," म्हणाले. संपलं.
फाटकापुढे दोन्ही कोहळ्यांच्या फोडी पडलेल्या. हे झाडू घेऊन निघाले. म्हटलं, आपला तेवढा झाडा. त्याचा तो झाडेल.