नावं झाकून

२ ऑक्टोबर, बुधवार

डोकं उठलंय! दिवसभर नवी गाणी ऐकली आणि निम्म्याहून अधिक पोरं कानाशी नुसती कुजबुजतात. घरात कुणी आजारी आहे का? गा की मोकळ्या गळ्याने! एकाने तर सुरुवातीला पूर्ण मिनिटभर घड्याळाची टिकटिक लावली आहे. मला वाटलं, स्टुडिओतलंच घड्याळ बिघडलं.

वर मॅडमचं – आमच्या रेडिओ स्टेशनच्या मुख्य – पुन्हा तेच तुणतुणं. "अगं, नावं झाकून कशाला ऐकायचं? चार ओळखीची नावं आली तर लोक जास्त ऐकतील." नाही! ओळखीच्या नावांसाठी बाकीचा अख्खा आठवडा पडलाय. शुक्रवारचा एक तास 'कानउघाडणी'चा, आणि तो ज्यांना काळं कुत्रं विचारत नाही त्यांचा. बटण (आमचा साउंडवाला. खरं नाव असेल काहीतरी) सगळ्या गाण्यांची नावं काढतो, नुसते क्रमांक ठेवतो. मी ऐकते, पाच निवडते. शुक्रवारी गाणं वाजवते, का आवडलं ते सांगते, आणि मग बटण चिठ्ठी पुढे करतो. नाव मी तिथेच वाचते, ऐकणाऱ्यांबरोबर, पहिल्यांदाच. ज्यांना घेतलं नाही त्यांना बटणमार्फत एक ओळ – का नाही घेतलं. कंपनी नाही, वशिला नाही. आणि नातेवाईक, मित्र, शेजारी यांनी गाणं पाठवायचंच नाही. नियम मी केला, मीच पाळते.

याच नियमापायी धाकटा तीन वर्षं बोलत नाही. माझा सख्खा भाऊ. दिवसा चष्म्याच्या काचा घासतो, संध्याकाळी गिटार घेऊन बसतो. एकदा जेवताना म्हणाला, "ताई, माझं एकदा ऐक तरी." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. "नियम नाही, तुला ऐकायचंच नाहीये," म्हणाला आणि भरल्या ताटावरून उठला. आईला वाटतं मी दगड आहे. पण ऐकून नसतं आवडलं तर? तोंडावर काय सांगणार होते? नियम होता म्हणून दोघंही वाचलो. हे आईला कोण समजावणार!

३ ऑक्टोबर, गुरुवार

क्रमांक सतरा!!

सकाळपासून तेच ऐकतेय. बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला, जराही लाडीगोडी नाही. गिटार इतकी कमी की प्रत्येक सुराची वाट बघावी लागते. आणि ठेक्याच्या जागी कसलीतरी घरघर – थांबते, पुन्हा सुरू होते. गाण्यात एक बाई रोज संध्याकाळी दार उघडते आणि घरात कुणी नाही हे रोज नव्याने बघते, एवढंच आहे. रडारड नाही. शेवटी ती दिवा लावते आणि गाणं संपतं.

मला रागच आला. इतकी वर्षं कुठे होता तुम्ही? कुठल्या बिळात?

बटणला विचारलं, "कोण आहेत रे?" म्हणाला, "उद्या कळेल." आगाऊ! पण बरोबर आहे त्याचं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलून बसले. माईकवर, थेट प्रक्षेपणात: "हे या वर्षातलं सगळ्यात चांगलं गाणं आहे. वर्ष संपायला तीन महिने आहेत, ते माहीत असूनही म्हणते." असं मी कधी कुणाबद्दल बोलले नाही. बटणने काचेपलीकडून कपाळाला हात लावला.

मग चिठ्ठी. बँडचं नाव – तळमजला. ऐकलंही नव्हतं कधी. यासाठीच तर करते मी हे सगळं!

७ ऑक्टोबर, सोमवार

निरोपांचा पाऊस पडलाय. डिसेंबरच्या आमच्या मोठ्या मैफिलीची सुरुवात 'तळमजला'ने करायची, असं मॅडम आपणहून म्हणाल्या. दोन हजार माणसांसमोर! शुक्रवारी त्यांना स्टुडिओत गायला बोलावलंय. आजच्या दिवसात चिडायला काही सापडलं नाही. आश्चर्यच.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

घरी येऊन आधी रेडिओ बंद केला.

गाणारी वेळेवर आली. लहानखुरी, एकदम धीट. दाताच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते म्हणे. "दिवसभर लोकांना घाबरवते," म्हणाली आणि स्वतःच हसली. मला लगेच आवडली. "गिटारवाले गाडी लावतायत. गाणं त्यांचंच, मी फक्त गायलंय." कार्यक्रम सुरू झाला. माझं प्रास्ताविक चालू, लाल दिवा लागलेला, आणि पाठीने दार ढकलत, हातात गिटार घेऊन आत आला कोण?

धाकटा.

मी बोलायची थांबले. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. बटण काचेवर बोटं वाजवतोय, गाणारी माझ्याकडे बघतेय, आणि हा शांतपणे खुर्ची ओढून बसला, गिटार लावायला लागला. नखांत काचेची पांढरी भुकटी. तेव्हा डोक्यात उजेड पडला – ती घरघर! काच घासायचं यंत्र! आणि मी मूर्खासारखी गेल्या शुक्रवारी त्या घरघरीवर पाच मिनिटं प्रवचन दिलं होतं.

तासभर त्याच्याशी बोलले. "आपण गिटार केव्हापासून वाजवता?" "लहानपणापासून, मॅडम." "घरी कुणाला गाण्याची आवड?" "एका व्यक्तीला होती, मॅडम." आपण! मॅडम! ज्याला मी नाक पुसायला शिकवलं त्याला मी आपण म्हणत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

आणि वाजवलं काय सुंदर मेल्याने! याचा राग तर सगळ्यात जास्त.

लाल दिवा विझला तसा उठून गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

शत्रू परवडले, पण मावशी नको. स्टेशनच्या पानावर 'तळमजला'च्या फोटोखाली मावशीने लिहिलंय: "आमची भाची आणि आमचा भाचा, बहीणभाऊ एकाच कार्यक्रमात! नजर न लागो." शेजारी सात फुलं.

मी फोन केला, तर म्हणते, "अगं, कौतुकच केलं ना?"

तिच्याखाली दुपारपर्यंत शंभर जणांनी लिहिलं. "म्हणजे नावं झाकायचं नाटक होतं तर." "वर्षातलं सगळ्यात चांगलं गाणं – माझ्या भावाचं!" एकाने लिहिलंय की त्याला मी एका ओळीत नकार दिला होता, आता त्याला कळलं की चूक गाण्यात नव्हती, आडनावात होती.

हे झोंबलं. हे फार झोंबलं. मी कमावलं काय तर एवढंच, की माझा नकार खरा असतो. तोच गेला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आधी बटणला धरलं. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "मी नावं झाकतो, ताई. लोकांची कुळं शोधत बसत नाही." खरं बोलत असावा. त्याला खोटं बोलताना घाम येतो.

मग चहाच्या मशीनपाशी सकाळच्या कार्यक्रमाचा निवेदक भेटला. गोड हसून म्हणतो, "काय मग, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय?" माझ्या हातात गरम कप होता, फेकला नाही हे त्याचं नशीब थोर. मी म्हटलं, "माझ्या भावाला कुत्रं म्हणालास ना, तर तुझा सकाळचा आवाज कायमचा बसेल." मग जिन्यात येऊन उभी राहिले. मी त्याच्या बाजूने का भांडले? मला त्याचा गळा धरायचाय आणि दुसऱ्याने बोटही लावलेलं खपत नाही, हा काय प्रकार आहे?

मॅडम शांत होत्या. "मला ठाऊक आहे तुला माहीत नव्हतं. शुक्रवारी तसं सांग, गाणं राहू दे, मी तुझ्या पाठीशी आहे. नाहीतर काढून टाक. गाणं काढलं तर मैफिलही गेली, हे लक्षात ठेव. पण काहीतरी एक कर."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

तीन वर्षांनी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"फसवलंस मला," मी म्हटलं.

"गाणं पाठवलं फक्त."

"नियम माहीत होता ना?"

"होता. पण ताई, ऐकताना तुला नाव माहीत होतं का?"

"नाही."

"मग फसवलं कसं? तूच तर म्हणतेस, गाणं बघायचं, नाव नाही."

शहाणा! माझेच शब्द माझ्याच तोंडावर! मी म्हटलं, तुला गाण्याशी देणंघेणं नव्हतं. तुला मला जगासमोर खोटं पाडायचं होतं. तीन वर्षं डूख धरून बसलास आणि बरोबर वेळ साधलीस. एकदाच पाठवलंस आणि तेही वर्मी बसेल असं.

त्याच्या मागे यंत्र घरघरत होतं. मग म्हणाला, "एकदाच. बरं." आणि फोन ठेवला.

आवाजात माजसुद्धा नव्हता. अभिनय कुठे शिकला कुणास ठाऊक.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज सगळी गाणी ऐकताना एकच विचार – हे कुणाचं असेल? हा आवाज ओळखीचा आहे का? कुठल्या चुलतभावाचा, कुठल्या मैत्रिणीच्या पोराचा? गाणं ऐकूच येईना. एवढं नासवलं त्याने. कधी माफ करणार नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

केलं. काढलं.

मॅडमना वाटत होतं मी पहिला मार्ग घेईन. बटणलाही. मी माईक उघडला आणि म्हटलं, "गेल्या आठवड्यात इथे वाजलेलं गाणं माझ्या भावाचं आहे. मला माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. ज्याच्यामागे कुणी नाही अशा माणसाची जागा त्याने मागच्या दाराने येऊन घेतली. माझी शिफारस मी परत घेतेय. गाणं यादीतून गेलं, मैफिलीतूनही गेलं."

आवाज कापला नाही. शाबासकीचे निरोप आले. "याला म्हणतात बाणा!" कालपर्यंत शिव्या घालत होते तेच. जळो मेली ती शाबासकी.

बटण तारा गुंडाळत बसला होता. मी म्हटलं, "बोल की काहीतरी." म्हणाला, "गाणं चांगलं होतं, ताई." दिवसभरात तेवढंच बोलला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गाणारीचा फोन. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"तुमचं बहीणभावाचं काय ते तुमच्यापाशी. माझं काय? मी तुमची कोण लागते?"

मी नियम सांगायला लागले. तिने मधेच तोडलं. "दवाखान्यातून सुट्टी मागितली होती मी डिसेंबरची. आईला नवी साडी घेतली. मागचं दार म्हणालात ना तुम्ही? मला तर एकच दार दिसलं होतं, ताई. त्याच्यावर लिहिलं होतं, नावं झाकून ऐकतो."

मी चिडले, आणि चिडून फोन ठेवला. मग अर्धा दिवस घर झाडत बसले. स्वच्छ असलेलंच.

हिलाही त्यानेच यात ओढलं. त्यानेच! तिला आधी सांगायला नको होतं, की जिच्या कार्यक्रमात जातोय ती कोण आहे?

२० ऑक्टोबर, रविवार

रविवार असून आईचा फोन नाही. म्हणजे तिकडे माझ्यावर खटला चालू आहे. चालू दे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शेवटी मीच लावला. आई काही बोलायच्या आत सुरू झाले – त्याची बाजू घेऊ नकोस, एकदा चोरून घुसला, तेवढ्यात माझी अब्रू गेली.

"एकदा?" आई म्हणाली. "अगं, त्या भांडणापासून पाठवतोय तो तुला. दर महिन्याला. कधी या नावाने, कधी त्या. तू आवाज ओळखू नयेस म्हणून गायला दुसरं कुणीतरी. मला बोलायची बंदी होती. तुझी नकाराची ओळ आली की मला वाचून दाखवायचा. म्हणायचा, आई, ताईचं बरोबर आहे. की पुन्हा बसला गिटार घेऊन."

मी विचारलं, "आणि शुक्रवारी, मी गाणं काढलं तेव्हा काय म्हणाला?"

"शुक्रवारी नाही काही म्हणाला."